प्रकरण अकरावे : लावर्नचा डावा गाल

हेम्मा येर्नेयच्या अंगणात पोचली तेव्हा तिच्या काखेत डुकराची धुरी दिलेली अख्खी मांडी होती. लावर्नची डचेस, डिटमारची विधवा, आणि सकाळी सकाळी शेणाच्या पायवाटेवरून मांडी सांभाळत चाललेली. नोकराच्या हाती पाठवली असती तर संध्याकाळपर्यंत खोरंभर बोभाटा झाला असता. स्वतः नेल्यामुळे तो दुपारच्या आतच होणार होता, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं नाही. घाईत असली की हेम्माचं डोकं असंच चालायचं, आणि डिटमार गेल्यापासून ती सतत घाईतच होती.

आजच्या घाईचं कारण होतं पोप्पोचा गाल.

दुपारी येर्नेय दगडावर बसणार होता. लावर्नमध्ये माणूस जन्मानं ड्यूक होत नाही, आणि बिशपनं डोक्यावर तेल ओतलं म्हणूनही होत नाही. चर्चमागच्या कुरणात एक बसका दगड आहे, त्यावर येर्नेयच्या घराण्यातला शेतकरी बसतो. होणारा ड्यूक राखाडी घोंगडीचा सदरा घालून, ठिपक्यांचा बैल आणि एक घोडी हाती धरून त्याच्यापुढं येतो. शेतकरी ड्यूकच्या भाऊबंदांना तीन प्रश्न विचारतो, ड्यूकच्या डाव्या गालावर एक थप्पड देतो, बैल आणि घोडी ताब्यात घेतो आणि उठतो. तो उठला की ड्यूक बसतो. थप्पड खाताना ड्यूकनं हात उचलला किंवा पाऊल मागं घेतलं तर त्यानं घरी जायचं, आणि रक्तानं जो पुढचा असेल त्यानं गाल घेऊन यायचं.

आता पोप्पोची नेमकी डावीकडची दाढ किडली होती. गाल असा सुजला होता की त्या बाजूनं बघितलं तर सख्ख्या आईलाही ओळख पटायला वेळ लागावा. बावीस वर्षांचा पोरगा, एकट्यानं अस्वलाला सामोरा गेलेला, पण न्हाव्यानं पक्कड काढली की खिडकीतून बाहेर. काल दिवसभर तो न्हावी पक्कड घेऊन किल्ल्यात फिरत होता आणि होणारे ड्यूक कबुतरखान्यात लपले होते. शेवटी न्हावीच रुसून घरी गेला.

आणि पोप्पो मागं सरकला तर पुढचा कोण, तर ल्युटोल्ड. डिटमारचा धाकटा भाऊ. थोरल्या भावजयीची सोय कुठं करायची हे त्यानं डिटमारच्या दफनाच्या दिवशीच सुचवलं होतं. ऑडिलाच्या मठात. तिथं काळोखात उठतात, दोन्ही वेळा सलगमाचं पाणी पितात आणि जेवताना बोलत नाहीत. हे सगळंही हेम्मानं एकवेळ सोसलं असतं. पण त्या मठाची मुख्य होती रिक्सा, हेम्माची नणंद, आणि तीस वर्षं त्या दोघींचं एका पिसांच्या गादीवरून भांडण होतं. गादी केव्हाच उंदरांनी खाल्ली होती. भांडण मात्र धडधाकट होतं.

म्हणून ही मांडी. येर्नेयनं जरा हलक्या हातानं घ्यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"या बाईसाहेब," येर्नेयची बायको नेझा दारातच उभी होती. "मांडी आत ठेवा. बाकीच्यांच्या शेजारी."

"बाकीच्यांच्या?"

आत चुलीवरच्या आकड्याला आधीच एक मांडी लटकत होती. तिच्या मांडीपेक्षा मोठी. खाली दारूचं पिंप होतं, आणि पिंपाशेजारच्या बाकावर ल्युटोल्ड बसला होता, गुडघ्यावर टोपी घेऊन, मुलगी बघायला आल्यासारखा.

"भावजी, तुम्ही इथं कसे?"

"सहज वहिनी. ह्या बाजूनं चाललो होतो. म्हटलं येर्नेयची विचारपूस करावी."

"आजवर कधी केली नाहीत ती?"

"राहून जात होती."

येर्नेय खोलीच्या मधोमध उभा होता. गोल चेहऱ्याचा, मऊ स्वभावाचा गडी. त्याच्यापुढं तुळईला जवाचं पोतं टांगलं होतं, आणि पोत्याला खडूनं कुणीतरी दोन डोळे आणि मिशी काढली होती. उजवा हात त्यानं ताकाच्या भांड्यात बुडवून ठेवला होता.

"आग होतेय हो बाईसाहेब," तो म्हणाला. "तीन दिवस सराव चाललाय. मी जन्मात कुणाला मारलेलं नाही. बैलाला मारायचं झालं तरी हीच मारते."

"म्हणूनच आले मी," हेम्मानं बाक ओढला आणि आवाजात मध ओतला. "येर्नेयबाबा, तुम्ही असं बघा—"

"आज 'तुम्ही' झाला होय," नेझा चुलीकडं तोंड करून म्हणाली. "परवा बाजारात 'ए येर्नेय, बाजूला हो' होता."

हेम्मानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "पोप्पो तुमच्या मुलासारखा. तर रीत म्हणून हात फिरवल्यासारखं करायचं. मांजराला करतो तसं. कुणाला कळणारही नाही."

"कळेल," ल्युटोल्ड म्हणाला. "मी अगदी जवळ उभा असेन. आणि वहिनी, हलकी थप्पड म्हणजे राज्याचा अपमान आहे. थप्पड कशी हवी, तर खणखणीत. आमच्या आजोबांना पडली होती तशी."

"तुमच्या आजोबांनी थप्पड खाऊन शिंक दिली होती," नेझा म्हणाली. लावर्नचं राजघराणं आपला इतिहास लढायांवरून सांगतं. येर्नेयच्या घरात तोच इतिहास थप्पडांवरून पाठ होता, आणि खरं सांगायचं तर जास्त बरोबर होता. "आमच्या आजेसासऱ्यांनी मारलेली. मग शिंक म्हणजे पाऊल मागं घेणं धरायचं की नाही, यावर पंच आठवडाभर भांडले, तोवर लावर्नला ड्यूकच नव्हता. त्यांच्या आधीचे थोरले पोप्पो. ते खाऊन म्हणाले, बस, एवढीच? म्हणून आणखी एक मिळाली. आणि तुमचे डिटमारसाहेब, बाईसाहेब, ते हसले. सासरे मरेपर्यंत सांगायचे, एवढी मेहनत केली आणि माणूस हसला."

डिटमार हसला होता हे हेम्माला ठाऊक होतं. नवीन लग्न झालेलं, ती कुरणाच्या कडेला उभी होती. तो हसला आणि त्यानं वळून तिच्याकडंच बघितलं. तिला एकदम भरून आलं, आणि ल्युटोल्डसमोर भरून आलं म्हणून रागही आला.

"बरं, उजव्या गालावर मारली तर?" ती म्हणाली. "गाल तो गालच."

येर्नेयचा चेहरा पडला. "उजव्या गालावर मारायची म्हणजे डावा हात आला. डाव्या हातानं आपण नाक शिंकरतो बाईसाहेब. शिंकरायच्या हातानं ड्यूक करायचा? उद्या लोक काय म्हणतील त्याला?"

तेवढ्यात बाहेर खेचर थांबल्याचा आवाज झाला आणि दारात रिक्सा उभी राहिली. काळा झगा, पांढरी ओढणी, हातात तेलाची कुपी.

"अरे वा," रिक्सा म्हणाली. "सगळं घर इथंच. मी येर्नेयच्या हाताला लावायला पवित्र तेल आणलंय. हाताला बळ येतं म्हणतात."

"ताई माझ्या बाजूची आहे," ल्युटोल्ड समाधानानं म्हणाला.

"मी देवाच्या बाजूची आहे. पण वहिनी, तुमची खोली मी कालच सारवून घेतली. उत्तरेकडची. थोडी ओल आहे, पण ओल आत्म्याला चांगली. एकदा आलात की बघाल, आमच्याकडं शिस्त म्हणजे काय असते ते. तीस वर्षं जे राहिलं ते सगळं शिकवीन."

तिच्या बोलण्यात असा काही आनंद होता की हेम्माला ती ओली खोली डोळ्यांसमोर दिसली. मग ती रागावली. आणि रागावली की हेम्माचं डोकं घाईतल्यापेक्षा बरं चालायचं.

"येते की वन्सं," ती म्हणाली. "मला तर आता यावंसंच वाटायला लागलंय. पहिल्यांदा तुमचं स्वयंपाकघर बघते. मागं आले होते तेव्हा सलगमाच्या पाण्यात मीठ नव्हतं आणि पावात खडे होते, ते मी विसरलेली नाही. मग कोठार. मग ती पहाटेची प्रार्थना. तुम्ही वरच्या पट्टीत लावता आणि मधेच दम तुटतो, सगळ्या पोरी खाली मान घालून हसतात. तुमच्या शेजारी उभी राहून मी खालून धरीन. रोज. तुम्ही आणि मी, मरेपर्यंत."

"जेवताना आमच्याकडं मौन असतं," रिक्सा म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता.

"मी खुणा करीन."

रिक्सानं मनात ते चित्र बघितलं असणार: लांब टेबल, सलगमाचं पाणी, आणि समोर हेम्मा, पहिला घोट घेऊन नाक मुरडणारी, दोन्ही वेळा, वर्षामागून वर्षं. तिनं तेलाची कुपी परत झग्यात घातली.

"येर्नेय," ती म्हणाली, "थप्पड ही फक्त खूण असते बाळा. हळूच मार."

"ताई!" ल्युटोल्ड उठून उभा राहिला. "अगं काल रात्री तू काय म्हणाली होतीस?"

"काल रात्री मी ओल्या खोलीचा विचार केला होता. जेवणाचा केला नव्हता."

"ठीक आहे. मी एकटा पुरे आहे. येर्नेय, आपलं ठरलंय. जोरात."

येर्नेयनं ताकातून हात काढला, विजारीला पुसला आणि दोघातिघांकडं आळीपाळीनं बघितलं. "साहेब, मला एकच थप्पड येते. दोन शिकायला आता सवड नाही. जो समोर येईल त्याला तीच. पोप्पोसाहेब मागं सरले आणि तुम्ही आलात, तर तुम्हालाही तीच."

"मलाही?"

"रीतच आहे ती."

"अशी," नेझा म्हणाली, आणि नवऱ्याला खूण केली. येर्नेयनं डोळे मिटले आणि पोत्याच्या खडूच्या मिशीवर हात चालवला. शिवण उसवली. जव भसाभसा जमिनीवर सांडले आणि कोंबड्या धावत आल्या.

ल्युटोल्डचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. बराच वेळ तो कोंबड्यांकडं बघत राहिला.

"म्हणजे मला असं वाटतं," तो शेवटी म्हणाला, "की थोडी हलकीच असावी. पण पोप्पोनं तरीही मागं सरावं."

आता मात्र नेझाचा पारा चढला. तिनं पळी खाली ठेवली. "एका घराण्यातली तीन माणसं, तिघंही मऊ थप्पड मागायला आलेली. लाज कशी वाटत नाही? आमच्या घरात चार पिढ्या ही थप्पड सांभाळून ठेवलीय. माझ्या सासऱ्यांनी मरताना यांच्या हातावर हात ठेवून सांगितलं, बाबा, धिटाईनं मार. आणि तुम्ही ती अशी बाजारात भाव करून मागता. मांड्या ठेवून जा, पिंपही ठेवून जा, आणि निघा."

लावर्नची डचेस, मठाची मुख्य आणि ड्यूकचे काका गुमान बाहेर पडले. पायवाटेवर तिघंही एकमेकांकडं न बघता चालत होते. मघाशी ज्याच्या त्याच्या मनात दुसरंच काही होतं, आता तिघांच्याही मनात तोच सांडणारा जव होता.

पोप्पो चर्चच्या दाराआड थांबला होता. राखाडी सदरा, डोक्याला शेतकऱ्याची टोपी, आणि हनुवटीखालून बांधलेला मोठा रुमाल. ठिपक्यांचा बैल त्याच्या बाहीचा घास घ्यायच्या प्रयत्नात होता.

"काय म्हणाला?" त्यानं विचारलं. शब्द गालातून वळसा घालून येत होते.

"हळू मारणार आहे," हेम्मा म्हणाली.

"शपथ?"

"चर्चच्या दारात आईला शपथ घालतोस? चल."

ती खोटं बोलली होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होती ती भीती. पोरगं मागं सरणार. पक्कड बघून खिडकीतून उडी मारणारं पोरगं, त्याच्यापुढं हा पंजा येणार आणि ते एक पाऊल मागं जाणार, अर्धं पाऊल, टाच उचलली तरी पुरे. मग ओली खोली, सलगम आणि रिक्सा. हेम्मानं देवाला बरंच काही कबूल केलं. त्यातलं अर्धं तर तिच्या मालकीचंही नव्हतं.

कुरणात सगळं खोरं लोटलं होतं. बायका पोरांना खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. येर्नेय दगडावर बसला होता, एक पाय दुसऱ्यावर टाकून, रीतीप्रमाणं, आणि उजवा हात पुन्हा पुन्हा विजारीला पुसत होता. नेझा त्याच्या मागं उभी होती आणि मधून मधून त्याच्या पाठीत कोपर मारत होती.

"हा येतोय तो कोण?" येर्नेयनं विचारलं.

पहिलं उत्तर बापाकडच्या वडीलधाऱ्याचं. म्हणजे ल्युटोल्डचं. ल्युटोल्ड खोकला. आकाशाकडं बघितलं. काही माणसांना मनातला बेत बदलायला खोकल्याएवढाच वेळ लागतो, पण ल्युटोल्डचा खोकला संपेना. एवढ्यात रिक्सानं झग्याआडून त्याच्या पायावर टाच ठेवली आणि सगळा भार दिला.

"आमचा ड्यूक," ल्युटोल्ड कळवळून म्हणाला.

"देवाधर्माला मानतो का?"

"मानतो," रिक्सा म्हणाली. "मी स्वतः शिकवलंय. अर्धवट आहे, पण मानतो."

"न्यायी आहे का?" येर्नेयचा आवाज आता स्थिर झाला होता. हे शब्द त्याच्या बापाचे, आज्याचे होते, आणि ते म्हणताना त्याला बरं वाटत असावं. "आपला आणि परका असा भेद न करता निवाडा करील का? श्रीमंताला एक आणि गरिबाला एक, असं करणार नाही ना?"

हे उत्तर आईचं. हेम्मा पुढं झाली. न्यायी. पोप्पोला दोन कुत्र्यांपैकी आधी हाड कुणाला द्यावं हेसुद्धा ठरवता येत नसे. तो हाड हातात धरून विचार करत राही आणि तोवर कावळा हाड घेऊन जाई.

"न्यायी आहे," हेम्मा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्याच्याएवढा न्यायी माणूस ह्या खोऱ्यात झाला नाही."

ल्युटोल्ड पुन्हा खोकला.

मग येर्नेयनं हात पुढं करून पोप्पोचा रुमाल सोडला. गाल उघडा पडला आणि गर्दीतून एक हळहळ उठली. लाल, ताणलेला, चकाकणारा गाल. येर्नेयचा उचललेला हात तसाच राहिला. पाठीत नेझाचं कोपर बसलं, तरी हात हलला नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हे काय करून घेतलंत?"

हेम्माला वाटलं, संपलं. आता हा मारणारच नाही, आणि थप्पड नाही तर ड्यूकही नाही.

"दाढ किडलीय," पोप्पो म्हणाला. हळू नव्हे, मोठ्यानं, जसं जमेल तसं. "कालपासून न्हाव्याला घाबरून पळतोय. कबुतरखान्यात बसलो होतो, सगळ्या किल्ल्याला माहीत आहे. आता इथवर आलोय. तू मार येर्नेय. पळायचं असतं तर सकाळीच पळालो असतो, बैल घेऊन कशाला आलो असतो?"

कुरण हसलं. कुत्सित नाही, मोकळं. मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली की तिची दाढ तिनं दाराला दोरी बांधून काढली होती. येर्नेयही हसला, आणि हसता हसताच त्याचा हात सुटला.

आवाज चर्चच्या भिंतीवर आपटून परत आला. पोप्पोचे डोळे काठोकाठ भरले. पण एका हातात बैलाची दोरी आणि दुसऱ्यात घोडीची, आणि दोन्ही हात खाली. पावलं जिथल्या तिथं. दाढही जिथल्या तिथं राहिली. थप्पडेनं दाढ पडून दुखणं जातं असल्या गोष्टी भाट लोक सांगतात, त्यांच्या दाढा चांगल्या असतात.

त्याच्यामागोमाग दुसरा आवाज झाला.

हा कुणाचा, हे हेम्माला स्वतःच्या तळहाताची आग झाली तेव्हा कळलं. तिचं पोर मार खाऊन डोळ्यांत पाणी आणून उभं होतं, एवढंच तिला दिसलं होतं, आणि मधली पावलं ती कशी चालली हे तिला आजतागायत आठवत नाही. येर्नेयच्या गोल गालावर तिची पाचही बोटं उठली होती.

घोडी तेवढी फुरफुरली.

"हात उचलला गेला," ल्युटोल्ड म्हणाला. खोकला पार गेला होता. "सगळ्यांनी बघितलंय. ड्यूक बाद."

"कुणाचा हात?" येर्नेयनं गाल चोळत विचारलं.

"घराण्याचा."

"घराण्याला मी मारलं नाही साहेब. ज्यांना मारलं त्यांचे हात खाली होते." असं म्हणून येर्नेय उठला. पोप्पोच्या हातातून बैलाची दोरी घेतली, घोडीची घेतली, आणि बाजूला झाला. "बसा ड्यूकसाहेब."

पोप्पो बसला. कुरणानं एकच आरोळी ठोकली. टोप्या उडाल्या. हेम्मा रडायला लागली, सुटलो बाई, एवढंच तिच्या मनात येत होतं. ओली खोली गेली. सलगम गेला. तिनं रिक्साला मिठी मारली. रिक्सानंही मारली, आणि दोघींनाही कशीतरीच वाटली.

"नवे ड्यूक बसले ना?" नेझा म्हणाली. तिचा आवाज आरोळीपेक्षा बारीक होता, पण आरोळी थांबली. "मग माझी फिर्याद आहे. ह्या बाईंनी माझ्या नवऱ्याला दगडावर बसलेला असताना मारलं."

अगं बाई, असं कुणीतरी म्हणालं. पोप्पोनं गालाला रुमाल लावला. दगडावरच्या माणसावर हात टाकणाऱ्याचं काय करायचं हे लावर्नमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एक हिवाळा मठात. डिटमारच्या राज्यारोहणाला त्याच्या एका चुलतभावानं गमतीनं दगडावर गाजर फेकलं होतं, त्यालाही मठ चुकला नव्हता.

"पोप्पो बाळा," रिक्सा घाईघाईनं पुढं आली, "दंड लाव. मोठा लाव. मठात सध्या जागा नाही."

"ताई, कालच खोली सारवलीस ना?" ल्युटोल्ड गोड आवाजात म्हणाला. "न्याय म्हणजे न्याय. पहिलाच दिवस आहे, लोक बघताहेत."

"ओली आहे ती."

"आत्म्याला चांगली असते ना?"

हेम्मा मुलाच्या जवळ गेली आणि ओठ न हलवता म्हणाली, "दंड सांग. दोन डुकरं सांग आणि संपव. ऐकतोयस ना?"

पोप्पो विचार करू लागला. हेम्माला ते हाड आणि ती कुत्री आठवली आणि तिला धीर आला. हा असाच बसून राहणार, संध्याकाळ होणार, लोक कंटाळून घरी जाणार.

"आई," तो म्हणाला, "दुसऱ्या कुणी येर्नेयला मारलं असतं, तर मी काय करावं असं तू सांगितलं असतंस?"

"मठात पाठव म्हटलं असतं," ती म्हणाली. तिचं तोंड तिच्या डोक्याच्या आधी चालायचं, आयुष्यभर. मग तिच्या लक्षात आलं. "पण मी दुसरी कुणी नाही. मी तुझी आई आहे."

"म्हणून तर विचारतोय."

"तुझ्यासाठी मारलं मी त्याला."

"माहीत आहे मला." त्याच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, आणि त्यात नवीन पाणी आलं होतं. "कुणाच्या आईनं मारलं नसतं? पण येर्नेयचा गालही कुणाच्या तरी घरचाच आहे. एक हिवाळा. ऑडिलाच्या मठात."

रिक्सानं डोळे मिटून छातीवर क्रूस काढला. ल्युटोल्ड हसणार होता, पण पुतण्याचं त्याच्याकडं लक्ष गेलं आणि त्याचा बेत बदलला. ड्यूकच्या आईला शेतकऱ्याच्या गालासाठी शिक्षा झाली, हे नीट समजून घ्यायला कुरणातल्या माणसांना वेळ लागत होता. पहिली टोपी उतरवली ती मागच्या रांगेतल्या एका गुराख्यानं. मग बाकीच्या उतरल्या.

हेम्माला संताप आला होता. इतका, की आणखी एक थप्पड तिच्या हातात तयार होती, आणि ती ज्याला द्यायची तो नेमका दगडावर बसला होता. एका सकाळीत मी एवढं खोटं बोलले, मांडी वाहून नेली, नणंदेच्या गळ्यात पडले, आणि ह्यानं मला तिच्याच हाती दिलं. आणि त्या संतापाच्या खाली दुसरं काहीतरी वर येत होतं, तिला नको असताना, दाबलं तरी. हे तिच्या पोटचं पोर होतं. कबुतरखान्यात लपणारं. ते दगडावर ताठ बसलं होतं आणि तिच्याकडं बघत होतं, नजर न चुकवता. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की रडू यायला लागलं, आणि ती आणखीच चिडली.

रीतीप्रमाणं शिक्षा झालेल्यानं ती मान्य आहे की नाही हे शेतकऱ्यापुढं सांगायचं असतं. येर्नेय बैलाची दोरी धरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दोघांचेही हात चुरचुरत होते, त्याचा तर गालही.

"बाईसाहेब," तो संकोचून म्हणाला, "मला नाइलाजानं विचारावं लागतंय. मघाशी मी तुम्हाला विचारलं, हा न्यायी आहे का. तुम्ही आहे म्हणालात. ते खरं बोलला होतात का?"

हेम्मानं ओढणीनं नाक पुसलं. आधी मुलाकडं बघितलं, मग येर्नेयकडं.

"तेव्हा खोटं बोलले होते," ती म्हणाली. "आता खरं आहे."